जावईबापूंनी महालक्ष्म्या वाटल्या

माझ्या नवऱ्याला सगळं रायपूर शहाणं म्हणतं. सगळं म्हणजे, ज्यांना त्यांच्यासोबत एका छताखाली राहावं लागत नाही तेवढं सगळं.

दिवाकर नाफडे त्यांचं नाव. रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण रुबाब असा की गाड्या अजून यांनाच विचारून सुटतात. सकाळी आंघोळ झाली की पांढरा झब्बा घालून चौबे कॉलनीतल्या आमच्या घराच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचं. मग लोक येतात. "दिवाकरभैया, जरा सलाह चाहिए थी," असं कोणी म्हटलं की यांचा चेहरा इतका खुलतो, की लग्नात मला पाहून खुलला नव्हता. मी आत चहा टाकते. चहा मी करायचा आणि शहाणपण यांनी वाटायचं, अशी आमच्याकडे कामाची विभागणी आहे.

आता हे शहाणपण म्हणजे काय ते सांगते. फार वेळ लागत नाही. दोन माणसं भांडत आली की अर्धं याला द्यायचं आणि अर्धं त्याला द्यायचं. संपलं शहाणपण! याला ते 'मधला मार्ग' म्हणतात. एरवी घरी आमच्यासारखंच मले-तुले बोलतात, पण निवाडा द्यायला बसले की पुस्तकातली मराठी काढतात. "साप मरावा, पण काठी मोडू नये, इरावती." अहो, साप तर तुम्ही आजवर एक मारला नाही, काठ्या मात्र लोकांच्या मोडत राहिलात!

आमच्या शेजारच्या दोन घरांच्या मधे, भिंतीला लागून, मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं, झाड होतं. शेंगा एकाकडे पडायच्या, कचरा दुसऱ्याकडे. भांडण यांच्याकडे आलं. यांनी झाडाकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि सांगितलं, की कचऱ्याच्या बाजूच्या सगळ्या फांद्या कापा, शेंगांच्या बाजूच्या ठेवा. दोघंही "वा, दिवाकरभैया" म्हणत गेले. एका बाजूनं सोललेलं ते झाड पहिल्याच वादळात आडवं झालं ते आमच्या स्कूटरवर. बीरगांवच्या बंडूला कारखान्यात कायमची नोकरी मिळत होती आणि नाश्त्याचा ठेलाही टाकायचा होता. यांनी त्याला सांगितलं, दोन्ही कर, थोडं थोडं. आता नोकरीही नाही आणि ठेलाही नाही. तरी तो दिवाळीला मिठाई घेऊन येतो, आणि हे ती खातात.

बाहेरचं जाऊ द्या, घरातही तेच. मला गरमी सोसत नाही, यांना हवा सोसत नाही. मला पंखा पाचावर पाहिजे, यांना तीनवर. म्हणून आमच्या घरचा पंखा चारावर चालतो आणि आम्ही दोघंही चिडून झोपतो. एका मे महिन्यात तर यांनी कूलरचाही निवाडा केला. मला कूलर पाहिजे, यांच्या छातीला गारवा लागतो. म्हणून कूलर चालवायचा पण पाणी नाही भरायचं. रायपूरच्या मे महिन्यात! भट्टीचं तोंड उघडून त्यासमोर झोपायचं, आणि वर म्हणायचं, "बघ, दोघांचंही राहिलं." अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. आमचा बैल तर मीच.

यांना न्याय करायचाच नसतो, हे मला फार लवकर कळलं. दोघांपैकी एकानंही जाताना तोंड वाकडं करू नये, एवढीच यांची धडपड असते. एकाला 'तू चुकला' म्हणायची छाती नाही, म्हणून दोघांना अर्धं अर्धं बरोबर करून टाकतात. लोकांच्या घरी हे चालून गेलं. मग हे माझ्या माहेरी पोचलं.

माझं माहेर पुरानी बस्तीत. आमचे बाबा, शामराव, अकोल्याकडून रेल्वेच्या नोकरीत इकडे आले तेव्हा सोबत एक पत्र्याची पेटी आणली होती. पेटीत महालक्ष्म्यांचे दोन पितळी मुखवटे, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. पुण्याकडे यांना गौरी म्हणतात. दोघी सख्ख्या बहिणी, भाद्रपदात तीन दिवस माहेरपणाला येतात. पहिल्या दिवशी आणायच्या, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या असं जेवण, तिसऱ्या दिवशी निरोप. दोघींच्या मधे त्यांची दोन पिल्लं बसवायची, एक मुलगा आणि एक मुलगी.

हे सगळीकडेच असतं. पण आमच्या घरची एक रीत मी दुसऱ्या कोणाकडे पाहिली नाही. घरातल्या दोन सुनांनी एकेक मुखवटा हातात घेऊन तुळशीपासून दारापर्यंत यायचं. उंबऱ्यावर दोन्ही मुखवटे कपाळाला कपाळ लावून भेटवायचे. मग त्या दोघी सुनांनी एकमेकींना कुंकू लावायचं, गुळाचा खडा भरवायचा, आणि म्हणायचं, "ये बाई, माहेरी आलीस." ही भेट झाल्याशिवाय देवी आत बसत नाही. माझी आई आणि तिची धाकटी जाऊ यांच्यात एका नथीवरून वर्षवर्ष अबोला असायचा. भाद्रपदात उंबऱ्यावर उभ्या राहिल्या की नाक मुरडत का होईना, एकमेकींच्या तोंडात गूळ घालावाच लागायचा. गूळ तोंडात गेला की माणूस बोलतं. ही रीत ज्या कोणी बाईनं घातली तिला घरं कशी चालतात हे बरोब्बर माहीत होतं.

बाबा गेल्यावर माझ्या दोन भावांत वाजलं. मोठा सुशील बायको अर्चनासोबत जुन्या घरातच राहतो, आई त्याच्याकडे असते. धाकटा संग्राम नवा रायपूरच्या ऑफिसात आहे; त्यानं तेलीबांध्याला फ्लॅट घेतला, खिडकीतून तलाव दिसतो. त्याची बायको संपदा हौशी आहे. संग्राम म्हणाला, "ताई, आता महालक्ष्म्या माझ्याकडे बसू दे. ऑफिसचे लोक येतात, पुरानी बस्तीच्या गल्लीत गाडी शिरत नाही."

सुशील भडकला. "देवी काय गाडीनं येते का बे? मोठ्याच्या घरचा मान आहे तो."

"मान तुमचा आणि गुडघे वहिनीचे! दरवर्षी कण्हतच करून राहिली न ती?"

हे ऐकून अर्चना चिडली, मग संपदा काहीतरी बोलली, आणि दोघी जावा बोलेनाशा झाल्या. संपदा आली की अर्चना स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवायची. शेवटी दोघा भावांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, की जावईबापूंना विचारू. आमच्याकडे जावयाचा शब्द खाली पडू देत नाहीत. जावई गाढव असला तरी पाटावर बसवून विचारायचं.

राखीच्या आधीच्या रविवारी पुरानी बस्तीच्या बैठकीत सगळे जमले. हे मधे, लोडाला टेकून. आई कोपऱ्यात फुलवाती वळत होती. दोन्ही भावांनी आपापलं गाऱ्हाणं मांडलं. यांनी डोळे मिटले, जरा वेळ तसेच ठेवले (लोकांना वाटतं विचार करून राहिले, मला माहीत आहे झोप येते), आणि निवाडा दिला.

"ज्येष्ठा ज्येष्ठाकडे. कनिष्ठा कनिष्ठाकडे. पिल्लांपैकी मुलगा इकडे, मुलगी तिकडे. दोन्ही घरी देवी, दोन्ही घरी मान."

"वा!" सुशील म्हणाला. "मस्त, जीजाजी!" संग्राम म्हणाला. आपल्याला अर्धी देवी आली यापेक्षा दुसऱ्याला पूर्ण मिळाली नाही, याचाच दोघांना आनंद. असे भाऊ आणि असा नवरा! मी आईकडे पाहिलं. तिचे हात थांबले होते. आई, तुला काय वाटते, असं त्या बैठकीत एकानंही विचारलं नाही. तिनं वातींची ताटली उचलली आणि आत गेली.

घरी येताना स्कूटरवर मी म्हटलं, "अहो, त्या बहिणी आहेत. वर्षातून एकदा भेटतात. तुम्ही त्यांची भेटच कापून टाकली."

"तू भावनेनं विचार करतेस, इरावती. देवी सर्वत्र आहे."

"मग संग्रामच्या फ्लॅटमधे होतीच की आधीपासून. वाटली काहून?"

यावर त्यांनी हॉर्न वाजवला. समोर कोणी नव्हतं.

भाद्रपद आला. महालक्ष्म्या आणायच्या दिवशी मी दुपारीच माहेरी गेले. अर्चनानं तुळशीपासून आतपर्यंत कुंकवाची पावलं काढली होती. आत मखर सजलं होतं, वर फुलोरा टांगला होता, आणि खाली एकच कोठी, म्हणजे मुखवट्याखालचं धड, साडी नेसवून उभी होती. शेजारची जागा रिकामी दिसू नये म्हणून अर्चनानं तिथे समई ठेवली होती. बाजूला एकटं पिल्लू. मला ते पाहवलं नाही.

अर्चना ज्येष्ठेचा मुखवटा घेऊन दारात आली. आई उंबऱ्यात बसलेलीच होती. तिनं वर पाहिलं.

"दुसरी कुठं आहे?"

"आई, तेलीबांध्याले न. ठरलं होतं."

"मग येऊ दे तिले. आपण थांबू." असं म्हणून आईनं अर्चनाच्या हातातला मुखवटा घेतला आणि मांडीवर ठेवला. "भेट झाल्याबिगर मी आत घेत नाही. आजवर घेतली नाही, आताही घेणार नाही."

आईचं वय ऐंशीच्या वर. त्यात शुगर. सकाळपासून पोटात पाणीसुद्धा नाही, कारण देवी बसल्यावरच ती तोंडात काही घालते. आम्ही हातापाया पडलो. मी म्हटलं, निदान लिंबूपाणी घे. तिनं मान हलवली. मुहूर्त सरत चालला, आणि तिचे हात मुखवट्यावर थरथरायला लागले. सुशील घाबरला. आणि घाबरून त्यानं कोणाला फोन लावला? बोलवा, बोलवा, ज्यानं आग लावली त्यालाच बोलवा!

हे आले. रेशमी झब्बा घालून, कारण दोन्हीकडे जेवायचं आमंत्रण होतं. आईसमोर वेताचा मोडा घेऊन बसले आणि सुरू झाले. देव भावाचा भुकेला असतो. काळाप्रमाणे माणसानं बदलावं. हट्टानं कोणाचंच भलं होत नाही. आई ऐकत होती. ऐंशी वर्षांची उपाशी बाई आणि समोर हा पोटभर नाश्ता केलेला माणूस तिला संयम शिकवून राहिला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग यांना सुचलं. "भेटच पाहिजे ना? व्हिडिओ कॉल करू."

मला वाटलं गंमत करून राहिले. नाही! खरंच मोबाईल काढला, संग्रामला लावला. पडद्यावर संपदा दिसली, नऊवारी नेसलेली, हातात कनिष्ठा. मागून तिची मुलगी गंधाली विचारत होती, "मम्मी, दादी रो रही है क्या?" हे म्हणाले, "संपदा, मुखवटा कॅमेऱ्याजवळ आण. हं, अजून जवळ. सासूबाई, आता तुम्ही तुमचा इकडून लावा." आणि यांनी मोबाईल आईच्या मांडीवरच्या ज्येष्ठेच्या कपाळाला टेकवला. पितळेवर काच वाजली. "झाली भेट!" हे म्हणाले. "साप मेला, काठी..."

पडद्यावर संपदानं पदर तोंडाला लावला होता.

आईनं मोबाईल यांच्या हातातून घेतला. "संग्राम, ऐकून राहिला न? बंद नको करू." तो उजव्या हातात, मुखवटा डाव्या हातात. मग ती यांच्याकडे वळली. आवाज बारीक झाला होता, पण पक्का होता.

"जावईबापू, वाटणी तुम्ही केली. आता एकच गोष्ट सांगा. दोघी एकाच घरी बसवायच्या. कोणत्या घरी?"

"तसं पाहिलं तर, सुशील मोठा आहे. परंतु दुसऱ्या बाजूनं विचार केला..."

"एक घर सांगा."

"दोघांच्याही भावना लक्षात घेता..."

"एक."

सुशील यांच्याकडे पाहत होता. संग्राम मोबाईलमधून पाहत होता. यांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं. मग म्हणाले, "अर्चना, जरा पाणी दे." एवढा मोठा न्यायाधीश, आणि निकाल काय, तर पाणी दे!

"बरं, राहू द्या," आई म्हणाली. "तुमाले दोन्ही साले सारखेच. मग मी दोघींनाही तुमच्या घरी बसवते. इरावती, रिक्षा बोलाव. संग्राम, धाकटीले घेऊन चौबे कॉलनीत ये. तीन दिवस सगळे तिथंच."

हे मोड्यावरून उठले. पुस्तकी मराठी कुठल्या कुठे पळाली.

"आमच्या घरी नाई!"

"काहून?"

"काहून म्हणजे? लेकीच्या घरी माहेरच्या महालक्ष्म्या बसतात का कुठं? आणि हे दोघं भाऊ मग मलेच नावं ठेवतीन. एवढ्या लोकाइचं करीन कोण? मांडव कुठं घालू? नाई म्हणजे नाई!"

"दोघी नको तर एक न्या," आई म्हणाली. "अर्ध्या घरी बसवू. अर्धं घर तुमचं मोकळं."

"अर्धं-बिर्धं काही नाई! माझं घर आहे ते!"

देवाशपथ सांगते, इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाच्या तोंडून एकाच बाजूचा, सरळ, ठणठणीत निकाल मी पहिल्यांदा ऐकला. तोही स्वतःचं कातडं वाचवायला.

आधी अर्चना हसली, पदराआड. मग मोबाईलमधून संपदा हसली. एकीचं ऐकून दुसरी अजून जोरात हसली. किती महिन्यांनी त्या दोघी एकाच गोष्टीवर एकत्र हसत होत्या. सुशीलही खाली मान घालून हसत होता. हे मात्र अजून उभेच होते, 'माझं घर' म्हणताना वर केलेलं बोट तसंच धरून.

आई हसली नाही. ती मोबाईलमधे पाहून बोलली. "ऐकलं बाबू? ज्याचं घर असते न, त्याले अर्धं चालत नाही. हे घर माझं आहे. या घरी मी दोघींनाही घेणार आहे. घेऊन ये तिले. यंदा इथं. पुढच्या वर्षी दोघी तुझ्याकडे येतीन, मीही येईन, अर्चनाच्या गुडघ्यांनाही आराम होईन. वाटायचं त वर्ष वाटा. बहिणी नका वाटू."

"हव, आई," संग्राम म्हणाला.

तेलीबांध्याहून यायला संध्याकाळच्या गर्दीत वेळ लागला. तेवढा वेळ आई उंबऱ्यातच बसून होती आणि मी तिच्या पाठीला टेकू देऊन मागे बसले होते. मुहूर्त टळून गेला होता. सुशीलनं तसं म्हटलं तर आई म्हणाली, "बहीण आली की मुहूर्त." गल्लीत गाडी शिरली नाहीच. संपदा नऊवारी सावरत चालत आली, पदराखाली कनिष्ठा धरून, मागे संग्राम पिल्लू घेऊन. अर्चनानं आईच्या मांडीवरची ज्येष्ठा उचलली. दोघी जावा उंबऱ्यावर समोरासमोर आल्या. कपाळाला कपाळ लागलं. कुंकू लावताना दोघींकडूनही ते भुवयांवर सांडलं. "ये बाई," अर्चना म्हणाली. पुढचं संपदाच म्हणाली, "माहेरी आले, वहिनी."

दोघी देव्या आत बसल्या. समई आपल्या जागी गेली. मग आईनं गुळाचा खडा तोंडात टाकला, पाणी प्यायली, आणि मला म्हणाली, "आता भूक लागली, इरा. वरणभात आण." मी स्वयंपाकघरात गेले आणि तिथे जाऊन पोटभर रडले. मग भात वाढला.

आणि आमचे शहाणे? दुसऱ्या दिवशी पंगतीत, जावयाच्या पाटावर बसून, पुरणपोळीवर तूप ओढून घेत हे पाहुण्यांना सांगत होते, "मी मुद्दामच तो पवित्रा घेतला. माणसं जवळ आणायची तर आधी थोडी दूर करावी लागतात." पाहुणे म्हणाले, "वा, दिवाकरभैया!" मी वाढायला उभी होते. हातात गरम कढीचं भांडं होतं. यांच्या मांडीवर सांडली नाही, हे माझ्या आईचे संस्कार.

घरी आल्यावर यांनी झब्बा काढला आणि पलंगावर आडवे झाले. पंखा चारावर होता. मी उठून तो पाचावर केला. यांनी मान उचलली, शहाणपणाचा चेहरा केला, तोंड उघडलं.

"अर्धं-बिर्धं काही नाई," मी म्हटलं. "माझं घर आहे हे."